दुपारी बारा ते पाच पोरांचं करायचं काय?

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगी 10 वर्षांची, मुलगा 6 चा, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, घरात सासूबाई. ताईंचं वर्क फ्रॉम होम, दिवसभर कॉल चालू, मिस्टर सकाळी नऊला जातात ते रात्री साडेआठला येतात. सुट्ट्या लागल्यापासून दोन्ही मुलं रोज पाच-सहा तास मोबाईल नाहीतर टीव्हीसमोर, काढून घेतला की रडारड. ताईंनी नेटवर बघून आठवड्याचं टाइमटेबल बनवलं, सोमवारी ओरिगामी मंगळवारी क्ले वगैरे, सामान आणलं, तीन दिवसांत सगळं कोपऱ्यात. सासूबाई दुपारी सिरियल लावून बसतात म्हणून त्यांचा उपयोग नाही असं त्या लिहितात. शेजारची मुलं समर कॅम्पला जातात, दोघांची फी भरायची तर महिन्याचं गणित कोलमडतं. पुढे त्या विचारतात, 'मुलीला थोडंफार स्वयंपाकाचं शिकवता येईल, पण मुलाचं काय करू? दिवसभर त्यांना काय काय देत राहू? स्क्रीन पूर्ण बंद केला तर जमेल का, की उसने पैसे घेऊन कॅम्पच लावू?'

ताई, आधी ते उसन्या पैशाचं डोक्यातून काढून टाका. पोरांच्या सुट्टीसाठी कोणी उसनवारी करत नाही.

आता दुसरं. तुमचं टाइमटेबल फसलं यात मुलांचा आळशीपणा नाहीये आणि तुमचंही काही चुकलं नाहीये, ते टाइमटेबलच असं होतं की सगळं तुम्ही आणायचं, तुम्ही मांडायचं, तुम्ही शिकवायचं, मग मुलांनी करायचं आणि वर तुम्ही 'वा छान' म्हणायचं, आणि हे सगळं दोन कॉलच्या मधल्या दहा मिनिटांत. कोणतीही बाई दमेल. मुलांनाही ते शाळेचाच आणखी एक पिरियड वाटला असणार. कागदाचा बगळा करून झाला, मग? त्याचं पुढे घरात कोणालाच काही पडलेलं नसतं, आणि मुलांना हे बरोबर कळतं हो. मला विचाराल तर मुलांना दिवसभर रमवणं हे आईचं काम आहे हेच मला पटत नाही. त्यांना घरात खरी कामं द्यावीत, म्हणजे न केली तर घराचं अडेल अशी, आणि उरलेल्या वेळात त्यांना खुशाल कंटाळू द्यावं.

'मम्मी बोर होतंय' हे ऐकलं की आपल्याला लगेच काहीतरी करावंसं वाटतं. करू नका. पहिले चार-पाच दिवस फार वाईट जातील हे आत्ताच सांगून ठेवते, भांडणं होतील, लोळणं होईल, फ्रीज पंधरा वेळा उघडला जाईल. त्यात तुम्ही पाघळून मोबाईल दिलात तर मुलं एवढंच शिकतील की अर्धा तास जास्त रडायचं. कंटाळा टिकू दिला की मग कुठेतरी चादरीचा तंबू होतो, सोफ्याच्या उशांचा किल्ला होतो, तुमची ओढणी गायब होते. त्या पसाऱ्यावर मात्र ओरडायचं नाही, संध्याकाळी सहाला दोघांनी मिळून आवरायचं एवढाच नियम.

पण त्याच्याही आधी घरातलं घड्याळ बघा. नागपुरात मे महिन्यात साडेपाच-पावणेसहाला सूर्य वर येतो आणि साडेआठ-नऊनंतर ऊन चावायला लागतं. तुमची मुलं रात्री किती वाजता झोपतात हे तुम्ही लिहिलं नाही, पण पाच-सहा तास स्क्रीन म्हणजे अकरा-साडेअकरा तर होतच असतील, म्हणजे सकाळी नऊला उठणं आलं. मग होतं काय, जे तीन तास बाहेर पडण्यासारखे असतात तेवढे झोपेत जातात आणि जे सात-आठ तास बाहेर पाऊल टाकता येत नाही त्यात मुलं टक्क जागी, अंगात भरपूर ताकद घेऊन तीन खोल्यांत कोंडलेली. इथे कितीही ऍक्टिव्हिटी ओता, पुरणार नाहीत. आपल्याकडे जुन्या घरांमधून पहाटे उठायचं, दुपारी जेवून कूलरसमोर आडवं व्हायचं आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर, असं उगाच नव्हतं चालत.

तर साडेपाच-सहाला उठवा, एकदम नाही जमायचं, रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. सहा ते आठ बाहेर. सायकल, बॅडमिंटन, सोसायटीच्या खाली पकडापकडी, सुट्टीच्या दिवशी अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावाला चक्कर, काहीही चालेल. याचा डोळ्यांनाही फायदा आहे, दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना मायनसचा नंबर लागायचं प्रमाण कमी आणि उशिरा असतं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, आणि आपल्याकडे मेमध्ये असा उजेड सोसवतो तो फक्त सकाळी. आल्यावर आंघोळ, नाश्ता. बारा-साडेबाराला जेवण. मग एक-दीड तास सक्तीने आडवं व्हायचं, झोप येवो न येवो, हातात पुस्तक चालेल, फोन चालणार नाही. म्हणजे बघा, बारा ते पाच असा जो डोंगर दिसत होता त्यातले खरे अडीच-तीन तासच उरले. आणि हे सकाळचं खातं मिस्टरांकडे द्या. ते नऊला निघतात ना? मग सहा ते आठ मोकळेच आहेत. तुमच्या पत्रात ते फक्त जातात आणि येतात, मधे काहीच करत नाहीत, हे जरा मला खटकलं बरं का.

मुलीला स्वयंपाक आणि मुलाचं काय करू, हेही खटकलं. अहो मुलालाही स्वयंपाकच! सहा वर्षांचा मुलगा मटार सोलू शकतो, कोथिंबीर निवडू शकतो, उकडलेल्या कैरीचा गर हाताने कुस्करून पन्ह्यासाठी काढू शकतो, आणि तो यात जेवढा रमेल तेवढा क्लेमध्ये रमणार नाही कारण शेवटी ग्लास भरून काहीतरी मिळतं आणि बाबा रात्री विचारतात आज पन्हं कोणी केलं. पुढे तो होस्टेलला जाईल, पुण्याला नोकरीला जाईल, तेव्हा त्याला डाळ-भात यायला नको का? उलट मुलीला नुसतं पोळ्या लाटायला बसवू नका, तिला घरातलं हिशोबाचं, मोजमापाचं, ड्रिल मशीन आणि स्क्रूड्रायव्हरचं कामही दाखवा. गॅसजवळ दोघांनाही मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

आता सासूबाई. ताई, तुम्ही त्यांना विचारलंत का? खरंच विचारतेय. त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाहीये, पण दोन वांड पोरं दिवसभर सांभाळ असं कोणी मला सांगितलं तर मीही टीव्हीच लावीन. त्यांना सांभाळायला सांगू नका, त्यांना शिकवायला सांगा, यात फार फरक आहे. सांभाळणं म्हणजे मागे धावणं, शिकवणं म्हणजे खुर्चीत बसून हुकूम सोडणं, आणि ते कोणत्या आजीला नको असतं!

आणि उन्हाळ्यात शिकवण्यासारखं आजीकडेच जास्त असतं, म्हणजे वाळवण. मुंगवड्यांपासून सुरुवात करा. मुगाची डाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची घालून वाटायची, आणि गच्चीवर स्वच्छ कापडावर चमच्याने छोट्या छोट्या वड्या टाकायच्या. हे काम सहा वर्षांच्या हाताला अगदी बरोबर आहे, वाकड्या पडल्या तरी भाजीत कोणाला कळत नाही. साडेसातच्या आत टाकून खाली यायचं, आपल्या उन्हात दिवसभरात निम्म्याच्या वर वाळतात, दुसऱ्या दिवशी उलटवायच्या. मग बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या. सासूबाईंना हुरूप आला तर कुरोड्या, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून चीक काढायचा, हा सगळा प्रकार मुलांना जादूच वाटतो की गव्हातून असं पांढरं दूध निघतं, ते शिजून घट्ट होतं आणि सोऱ्यातून जाळी पडते. चीक शिजवणं मोठ्यांचं, ते फार चटकतं. त्याला खालून वर घोटायलाही जोर लागतो. शिजलेल्या चिकात तूप-साखर घालून वाटीभर खायला द्या, दुसऱ्या दिवशी मुलं स्वतःच विचारतील आज काय टाकायचंय. सरगुंडे (कणकेचे, काडीवर वळायचे) येत असतील त्यांना तर काय विचारता, काडीवर ते वळत बसायचं काम दुपारी पंख्याखाली तासभर आरामात चालतं आणि रसाबरोबर रात्री खायला मिळतात. या सगळ्यात तुमचा वेळ किती? सामान आणून देणं, बस.

सासूबाईंच्या सिरियलचं म्हणाल तर ती बंद करू नका. त्यांच्या घरात त्यांचा तेवढा हक्क आहे. फक्त वेळ ठरवून घ्या, मुलं आडवी होतात तेव्हा दुसऱ्या खोलीत त्यांची सिरियल, बाकी दुपारभर टीव्ही बंद.

दुपारच्या उरलेल्या वेळासाठी पत्त्यांचा एक जोड आणि चिंचोके एवढ्यावर दोन महिने निघतात असं माझं स्पष्ट मत आहे. बदामसात, झब्बू, गुलामचोर सहा वर्षांच्यालाही येतं, मुलीला पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट शिकवा, त्यात हात मोजावे लागतात, उतारी लक्षात ठेवावी लागते. चिंचोके फोडून अर्धे करायचे, फरशीवर घासून गुळगुळीत करायचे, खडूने घरं आखायची आणि अष्टाचंग खेळायचं, सोंगट्या म्हणून बटणं, बांगड्यांचे तुकडे, काय हवं ते. फरशी पुसली की जातं, ओरडू नका. रात्री जेवल्यावर गच्चीवर नाव-गाव-फळ-फूल किंवा भेंड्या, तेव्हा बाबाही घरी असतात.

तुमची मुलगी 10 वर्षांची आहे, तिला एक वेगळं, जरा डोकं लागेल असं काम द्या. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर आणा, शाळेचं सायन्सचं सामान मिळतं तिथे मिळेल, आणि एक वही. सकाळी सात, दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी सहा असं तापमान लिहायचं, वाचायचं तिने, लिहायचं भावाने. चार दिवसांत तिच्या लक्षात येईल की सूर्य डोक्यावर बाराला असतो पण पारा सगळ्यात वर जातो तो तीनच्या आसपास, मग का म्हणून विचारेल, उत्तर लगेच देऊ नका. दुपारी बाराला गच्चीच्या फरशीवर हात लावून बघ आणि तीनला लाव म्हणावं (लगेच काढायचा हं, भाजतो). जमीन तापते आणि मग हवा तापते हे तिचं तिलाच सापडेल. थर्मामीटर उन्हात ठेवला तर किती आणि सावलीत किती तेही बघू द्या. 2024 च्या मे अखेरीस नागपुरात 56 डिग्री झाले म्हणून बातमी सगळ्या ग्रुपवर फिरली होती, आठवतं? नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या ऑटोमॅटिक केंद्राचा सेन्सरच बिघडलेला होता. आपली वही असली की मुलगी अशा फॉरवर्डवर आधी शंका घेईल, तो फायदा वेगळाच.

त्याच वहीत पुढे कूलर. दोन सारख्या बाटल्या पाण्याने भरायच्या, एकीला ओलं फडकं गुंडाळायचं, दोन्ही सावलीत वाऱ्यावर ठेवायच्या आणि तासाभराने बघायचं कुठलं पाणी गार. माठाचं आणि कूलरचं तेच तत्त्व, पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. आणि कोरड्या हवेत ते जास्त जोरात होतं म्हणून आपला कूलर मेमध्ये झकास चालतो आणि जूनमध्ये ढग आले की नुसता चिकचिकाट करतो. पण एक गोष्ट कडक सांगते, खऱ्या कूलरला मुलांनी हात लावायचा नाही. पाणी भरायचं काम मुलांना अजिबात देऊ नका, आणि तुम्ही भरता तेव्हाही आधी बटण बंद, प्लग बाहेर. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आपल्याकडे.

26 मे तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. त्या दिवशी नागपुरात दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. गच्चीवर नाहीतर बाल्कनीत ऊन येत असेल तिथे एक स्टीलचा ग्लास पालथा, एक बाटली, एक डबा असं मांडा, बारापासून दर पाच मिनिटांनी खडूने सावलीची कड आखत जा, आणि सगळ्यांना टोप्या घाला, दहा-पंधरा मिनिटांचंच काम आहे. दिल्लीच्या मुलांना हे कधीच बघायला मिळत नाही कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्याकडे जुलैच्या मध्यानंतर पुन्हा येतो तो दिवस पण तेव्हा ढग असतात. आणि गच्चीवर झोपत असाल तर रात्री नऊ-दहाला उत्तरेला सप्तर्षी, त्याच्या शेपटीची वळणदार रेघ तशीच पुढे नेली की स्वाती, अजून पुढे नेली की चित्रा, एवढं मुलांना दाखवा, ऍपशिवाय दिसतं.

आता स्क्रीन. पूर्ण बंद करू नका, टिकणार नाही आणि मग हरल्यासारखं वाटून तुम्ही सगळंच सोडून द्याल. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हणजे आयएपीने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत असं सांगितलंय, मी म्हणते तुम्ही एक तासावर आणा. तोही संध्याकाळी सात ते आठ, टीव्हीवर, दोघांनी मिळून एकच काहीतरी बघायचं, काय बघायचं यावरून जी भांडणं होतील ती त्यांची त्यांनी सोडवायची. हातातला फोन नाही. फोनवर प्रत्येकजण आपापलं बघत बसतो आणि ते संपतच नाही, हाच तर त्रास आहे. आणि एक चूक बरीच मंडळी करतात, 'एवढं चित्र काढ मग मोबाईल देते' म्हणतात. असं म्हटलं की चित्र काढणं हे औषध झालं आणि मोबाईल झाला गोळीनंतरची साखर. तो एक तास रोज मिळणार, काही केलं तरी, नाही केलं तरी. त्याचा बाकी दिवसाशी संबंध लावू नका.

तुमचा स्वतःचा फोन जेवताना कुठे असतो? मिस्टरांचा? साडेआठला आल्यावर ते सोफ्यावर फोन घेऊन पडत असतील तर मुलांनी का ऐकावं. जेवणाच्या वेळी घरातले सगळे फोन एका डब्यात, आजीचासुद्धा. ऑफिसचं अर्जंट वगैरे असतं मला माहितीये, अर्ध्या तासात काही बुडत नाही.

तुमच्या कॉलचंही बघू. घरात असून हाताशी नसलेली आई मुलांना जास्त छळते, ऑफिसला गेलेली परवडली. दाराला ओढणी बांधली म्हणजे आत यायचं नाही, रक्त आलं किंवा काही जळालं तरच, आणि ओढणी सुटली की दहा मिनिटं मी पूर्ण तुमची. दर दीड-दोन तासांनी ती सोडायचीच, मग त्या दहा मिनिटांत लॅपटॉप बंद. सहा वर्षांच्याला घड्याळ कळत नाही पण ओढणी कळते.

कॅम्पबद्दल माझं मत जरा कडू आहे. पोहणं सोडून बाकी सगळं, डान्स, कॅलिग्राफी, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट (सहा वर्षांच्या मुलाची!), यावर पैसे घालवू नका. पोहणं येत नसेल तर मात्र सकाळची बॅच, चांगला कोच आणि लाइफगार्ड असलेला टँक बघून दोघांना लावा, ते घरात शिकवता येत नाही आणि जन्मभर उपयोगी पडतं. आणि महिन्यातून दोनदा बाहेरची दुपार काढायचीच असेल तर गांधीसागरासमोरचं रामन विज्ञान केंद्र आहे, तारांगणाचा शो आहे, सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला आहे, 1863 सालचं म्युझियम आहे ते, जाण्याआधी सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या. कॅम्पच्या फीच्या मानाने हे किरकोळ खर्चात होतं. शेजारची एक-दोन मुलं कॅम्पहून आल्यावर दुपारी तुमच्याकडे येऊ द्या, दोनाऐवजी चार मुलं असली की काम वाढतं असं आपल्याला वाटतं पण कमी होतं, ती एकमेकांत गुंततात. उद्या त्या आईला सांगा आज तुझ्याकडे.

आणि सगळं मेमध्येच संपवू नका. आपल्या विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तोवर जून बराचसा हातात असतो. आत्तापासून आंब्याच्या कोयी, जांभळाच्या बिया, जूनमध्ये निंबोळ्या पडतील त्या, धुऊन सावलीत वाळवून मुलांना डब्यात साठवायला लावा, यातलं काहीच फार दिवस ठेवू नका, लवकर पेरलं तरच उगवतं. पहिला चांगला पाऊस झाला की दुधाच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये माती भरून त्या लावायच्या, म्हणजे तेव्हाचे पंधरा दिवसही निघतील. शाळेने दिलेला हॉलिडे होमवर्क त्याच दिवसांत काढा, आत्ता त्याचं नावही नको.